अक्षर तेवढे बदलते? वैमानिक प्रशिक्षणाचा व्हिसा आणि सोलापुरातील एक सल्लागार कार्यालय

सोलापुरातील एका परदेशी शिक्षण सल्लागार कार्यालयाची सेवा आमच्या कुटुंबाने फेब्रुवारी २०२५ पासून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत घेतली. थोरल्या मुलीला वैमानिक प्रशिक्षणासाठी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पाठवायचे होते. व्हिसाचे सर्व सोपस्कार करून देण्यासाठी कार्यालयाने ४५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, असे एकूण ५३,१०० रुपये घेतले. व्हिसा मिळाला, मुलगी गेली आणि तिचे प्रशिक्षणही सुरू झाले. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ही सेवा यशस्वीच वाटेल. माझे मत तितके सरळ नाही. कागद लावण्यात आणि मुलाखतीची तयारी करून घेण्यात हे कार्यालय चांगले आहे. परंतु वैमानिक प्रशिक्षणाचा व्हिसा हा एम.एस. करायला जाणाऱ्या मुलांच्या व्हिसापेक्षा वेगळा असतो, हे त्यांना आमच्याकडून कळले.

कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण त्यांच्याशी माझे भांडण नाही आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही मी इतर दोन ठिकाणी चौकशी करतानाही ऐकल्या होत्या. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत, भिंतीवर परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे आहेत आणि त्यांत बहुतेक सर्व चेहरे अभियांत्रिकीचे आहेत. कर्मचारी अदबीने बोलतात. आमच्या आधी बसलेल्या एका आजोबांशी तेथील मॅडम सहज तेलुगूत बोलल्या, नंतर फोनवर कन्नडमध्ये आणि मग आमच्याशी मराठीत. सोलापुरात कार्यालय चालवायचे तर हे लागतेच, तरी ते पाहून बरे वाटले. दिलेली वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही.

पहिली गडबड क्रमात झाली. त्यांनी दिलेल्या छापील यादीत पहिले काम पासपोर्ट, दुसरे उड्डाण शाळेचा अर्ज व नोंदणी शुल्क, आणि वैद्यकीय तपासणी शेवटून दुसरी होती. इतर विद्यार्थ्यांसाठी हा क्रम योग्य असेल. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यासाठी तो उलटा आहे. ज्या मुलाला रंगांतील फरक ओळखण्यात दोष आहे, त्याला तो अनेकदा तपासणीतच कळतो, आणि तोपर्यंत शाळेचे परत न मिळणारे शुल्क भरून झालेले असते. माझी पत्नी परिचारिका असल्यामुळे तिने ही यादी वाचताच बोट ठेवले. आम्ही शाळेला एक रुपयाही न पाठवता आधी पुण्याला जाऊन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून वर्ग २ ची तपासणी करून घेतली आणि त्यानंतर वर्ग १ ची प्रक्रिया सुरू केली. भारतात व्यावसायिक परवाना हवा असेल तर वर्ग १ लागतोच, मग प्रशिक्षण बारामतीत घ्या किंवा फ्लोरिडात. मुलीला चष्मा आहे. चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असल्यामुळे त्याची अडचण आली नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे, म्हणजे एफएएचे, वैद्यकीय प्रमाणपत्र याहून स्वतंत्र असते आणि एकावर दुसरे चालत नाही, हेही यादीत नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कार्यालयाने सुचवलेल्या शाळेकडून मे महिन्यात आय-२० हे प्रवेशाचे प्रमाणपत्र आले. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे कोणताही कागद हातात आला की आधी आकडे आणि एकके पाहण्याची सवय आहे. कार्यालयाने आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात सर्वत्र ‘एफ-१’ लिहिले होते आणि आय-२० वर मात्र ‘एम-१’ छापलेले होते. मी विचारले तेव्हा समोरचा तरुण हसून म्हणाला, “सर, अक्षर तेवढं बदलतंय बघा, व्हिसा तोच.” उत्तरपत्रिकेत एखाद्याने मीटरऐवजी सेकंद लिहून असेच सांगितले असते, तर मी काय केले असते ते माझे विद्यार्थी सांगतील.

घरी येऊन आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि मुलीने, अमेरिकी सरकारच्याच संकेतस्थळांवरील नियम वाचायला घेतले आणि या एका अक्षरात किती काय दडले आहे ते उलगडत गेले. एफ-१ हा विद्यापीठे, महाविद्यालये अशा शैक्षणिक अभ्यासक्रमांसाठी असतो, तर एम-१ हा व्यावसायिक कौशल्याच्या अभ्यासक्रमांसाठी असतो आणि बहुतेक स्वतंत्र उड्डाण शाळा याच दुसऱ्या गटात मोडतात. एम-१ वर गेलेल्याला शिकत असताना कोणतीही नोकरी करता येत नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची मुभा आहे, पण ती चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना आणि सर्व मिळून जास्तीत जास्त सहा महिने एवढीच. एकदा आत गेल्यावर शिक्षणाचे उद्दिष्ट बदलता येत नाही, अमेरिकेत राहून एम-१ चा एफ-१ करून घेता येत नाही, आणि अगदी हाताबाहेरची अडचण नसेल तर पहिल्या सहा महिन्यांनंतर शाळाही बदलता येत नाही. शिक्षण संपल्यावर देश सोडण्यासाठी एफ-१ ला ६० दिवस मिळतात, एम-१ ला ३०.

याउलट आम्हाला कार्यालयात पहिल्याच बैठकीत काय सांगितले गेले होते? आठवड्याला २० तास काम करून मुलगी राहण्या-जेवण्याचा खर्च काढेल आणि परवाना मिळाल्यावर वर्षभर तिथेच प्रशिक्षक म्हणून उड्डाणाचे तास वाढवत कर्जाचा मोठा भाग फेडेल. ही दोन्ही वाक्ये एफ-१ च्या नियमांतून उचललेली होती. एम.एस.च्या शंभर मुलांना तेच सांगून जीभ वळलेली असते, हे मी समजू शकतो. पण आमच्यासारख्या घरात कर्ज किती काढायचे याचा निर्णय अशाच वाक्यांवर होतो. आम्ही त्या गृहीतकावर आखलेला हिशेब फाडून नवा मांडला, चुलत भावाच्या टॉवेल कारखान्याची मदत घेतली आणि जुळे सोलापुरातील भूखंड तारण ठेवून कर्जाची रक्कम वाढवली. शेतजमीन तारण घ्यायला आमच्या बँकेने नकार दिला होता.

पैशांच्या पुराव्यातही तोच घोळ होता. एफ-१ साठी साधारणपणे पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी असल्याचे दाखवावे लागते, आणि कार्यालयाने त्याच मापाने आमची फाईल तयार केली. एम-१ साठी मात्र संपूर्ण मुक्कामाचा शिकवणी व राहण्याचा खर्च उपलब्ध असल्याचे दाखवणे अपेक्षित असते. आमचा अभ्यासक्रम वर्षाहून लांबणारा असल्यामुळे फाईलमधील रक्कम अपुरी पडली असती. हे लक्षात आणून दिल्यावर मात्र त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. दोन दिवसांत बँकेचे सुधारित कर्ज मंजुरीपत्र, मुदत ठेवींचे दाखले, तीन वर्षांची विवरणपत्रे आणि चुलत भावाचे हमीपत्र असा संच त्यांनी इतका नीट लावला की कोणताही कागद अर्ध्या मिनिटात हाताला लागावा. गोधडी शिवावी तशी ती फाईल होती. जमिनीचे मूल्यांकन मात्र त्यांनी उगाच करायला लावले. अधिकाऱ्याला रस असतो तो वेळेवर हाताशी येणाऱ्या पैशांत.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण विमान शिकायला जाणाऱ्यांची एवढी तपासणी का, असा प्रश्न मुलीच्या आजीलाही पडला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील दोन अपहरणकर्ते फ्लोरिडातीलच व्हेनिस या गावी विमान चालवायला शिकले होते, आणि त्यांना विद्यार्थी म्हणून राहण्याची मंजुरी मिळाल्याची पत्रे हल्ल्याला सहा महिने झाल्यावर, मार्च २००२ मध्ये, त्या शाळेत टपालाने येऊन पडली. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद ठेवणारी सेव्हिस ही यंत्रणा सक्तीची झाली आणि विमान शिकायला येणाऱ्या परदेशी व्यक्तीची वेगळी सुरक्षा तपासणीही सुरू झाली. या तपासणीचा उल्लेख पुढे येईल.

शुल्काबाबत मला स्पष्ट लिहावेसे वाटते. कार्यालयाने ‘शासकीय शुल्क’ या एकाच शीर्षकाखाली ६२,००० रुपये मागितले. प्रत्यक्षात सेव्हिसचे शुल्क ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर, म्हणजे एकूण ५३५ डॉलर होते, आणि त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सत्तेचाळीस हजारांच्या आसपास भरत होती. मी दोन्ही पावत्या मागितल्यावर ‘बँकेचे चार्जेस’ असे उत्तर आले, पुन्हा मागितल्यावर जास्तीची रक्कम आमच्या दुसऱ्या हप्त्यात वळती केली गेली. हे दोन्ही भरणे घरबसल्या स्वतःच्या कार्डाने करता येते आणि ते तसेच करावे. परदेशी पैसे पाठवताना लागणाऱ्या कराविषयीही त्यांना माहिती नव्हती. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर स्रोतावर कर गोळा होत नव्हता, मात्र स्वतःच्या पैशांतून वर्षाला १० लाखांवर पाठवले तर शिक्षणासाठी ५ टक्के लागत होता. हे आमच्या चार्टर्ड अकाउंटंटांनी सांगितले आणि आम्ही आधी कर्जाचा पैसा वापरला.

शाळा निवडताना कार्यालय कितपत निःपक्षपाती होते, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. त्यांनी तीनच शाळा दाखवल्या आणि शाळांकडून तुम्हाला मोबदला मिळतो का, या प्रश्नावर चहा मागवला. अमेरिकी सरकारच्या ‘स्टडी इन द स्टेट्स’ या संकेतस्थळावर शाळा शोधण्याची सोय आहे. तेथे कोणत्या शाळेच्या कोणत्या केंद्राला एफ आणि कोणत्या केंद्राला एम गटाचे विद्यार्थी घेण्याची मान्यता आहे, हे दोन मिनिटांत दिसते. व्हिसासाठी आय-२० देऊ शकणारी उड्डाण शाळा एफएएच्या नियमावलीतील भाग १४१ किंवा १४२ खाली प्रमाणित असावी लागते, हेही पाहून घ्यावे. या तपासणीत तीनपैकी एक शाळा आम्ही लगेच बाजूला काढली, कारण माहितीपत्रकात ज्या गावाचे छायाचित्र होते तेथील केंद्र त्या यादीत नव्हतेच.

यानंतरच्या टप्प्यात कार्यालयाने खरोखर चांगले काम केले, आणि ते सांगितलेच पाहिजे. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबवले आणि जूनच्या मध्यानंतर त्या पुन्हा सुरू करताना एफ, एम आणि जे गटांतील अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावीत, असे जाहीर केले. घरात तेव्हा जेवणावर कोणाचे लक्ष नव्हते. कार्यालयातील मॅडमनी दुसऱ्याच दिवशी स्वतः फोन केला, कोणतेही खाते घाईने बंद करू नका, डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेली सर्व खाती लिहा, असे बजावले, आणि मुलाखतीची जागा उघडताच, तीही रात्री उशिरा, मुंबईची ऑगस्टमधील तारीख धरून दिली. अशा वेळी रात्री जागणारे कोणीतरी आपल्या बाजूला असणे, याचे मोल मी शुल्कात धरतो.

त्याच अर्जात मात्र एक चूक राहिली. समाजमाध्यमांची माहिती भरण्यासाठी डीएस-१६० नव्याने सादर केला गेला, त्यामुळे त्याचा पुष्टी क्रमांक बदलला. मुलाखतीच्या नोंदणीत जुनाच क्रमांक राहून गेला. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिल्यावर मुलीच्या हे लक्षात आले, प्रवासाला आठवडा होता म्हणून दुरुस्ती झाली. हे क्रमांक जुळले नाहीत तर मुलाखतीच्या दारातूनच परत पाठवले जाण्याची शक्यता असते, आणि सोलापूरच्या माणसाला परत जाणे म्हणजे पुन्हा एक रात्र सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये काढणे. बोटांचे ठसे आणि छायाचित्र एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, असा वांद्रे-कुर्ला संकुलातील दोन दिवसांचा कार्यक्रम असतो. वाणिज्य दूतावासात मोबाईल नेता येत नाही, तेव्हा तो सांभाळायला कोणीतरी बाहेर उभे राहावे लागते. तो कोणीतरी मी होतो.

मुलाखतीची तयारी हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग होता, पण त्यातही एक मतभेद झाला. मुलगी घाबरली की भरभर बोलते. चार सरावांत मॅडमनी तिला वाक्य संपवून थांबायला शिकवले, आणि ते तिला पुढे उड्डाणतळाच्या नियंत्रकाशी बोलतानाही उपयोगी पडत आहे असे ती सांगते. मतभेद उत्तरांच्या मजकुराचा होता. परत का येणार, या प्रश्नावर पाठ करायला दिलेले उत्तर आईवडील, संस्कृती आणि देशप्रेम यांनी भरलेले होते. अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम २१४(ब) खाली सर्वाधिक नकार याच मुद्द्यावर येतात हे खरे, पण म्हणूनच असले उत्तर अधिकाऱ्याने दिवसभरात किती वेळा ऐकले असेल याचा विचार करायला हवा होता. मुलीने तोपर्यंत डीजीसीएच्या हवाई दिशादर्शन आणि हवामानशास्त्र या दोन विषयांच्या परीक्षा ७० टक्क्यांची अट ओलांडून दिलेल्या होत्या. तिने अधिकाऱ्याला तेच सांगितले: परवाना भारतात बदलून घेण्यासाठीच्या परीक्षा मी आधीच देत आहे. तिच्या सांगण्यानुसार पुढचा प्रश्न फक्त पैसे कोण देणार हा होता आणि तीन-चार मिनिटांत सगळे संपले. कार्यालयाने हा मुद्दा ‘गोंधळ होईल’ म्हणून टाळायला सांगितला होता.

व्हिसा हातात आल्यावर कार्यालयाच्या दृष्टीने काम संपले. तिचे छायाचित्र भिंतीवर लागले, पेढे झाले. प्रत्यक्षात विमानात शिकण्यासाठी बसण्यापूर्वी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, म्हणजे टीएसएची, मंजुरी लागते आणि ती व्हिसापासून पूर्णपणे वेगळी असते. जुलै २०२४ च्या अखेरीपासून नव्या नियमांनुसार ही योजना ‘फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅम’ या नावाने चालते. तिचे शुल्क १४० डॉलर असून मंजुरी पाच वर्षांपर्यंत टिकते. संकेतस्थळावर नोंदणी करायची, शाळेने ती स्वीकारायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि मग वाट पाहायची. आम्हाला हे शाळेच्या पत्रातून कळले. कार्यालयात विचारल्यावर “व्हिसाच्या वेळी ठसे दिलेत की सर,” असे उत्तर मिळाले. मुलीने नोंदणी येथूनच केली, ठसे तिथे दिले आणि मंजुरी येईपर्यंतचे दिवस वर्गातील तासिकांत घालवले. आधी माहीत नसते तर त्या दिवसांचे भाडे आणि जेवण हिशेबात धरलेच नसते.

प्रवासाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, त्यामुळे स्वस्त तिकिटाच्या मोहाने तारीख पुढे-मागे करता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरील विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली होती. ज्या विमानतळासमोरची साखर कारखान्याची चिमणी पाडण्यावरून शहरात एवढे रणकंदन झाले, तेथूनच वैमानिक व्हायला निघालेल्या मुलीने जावे, असे तिच्या काकांना फार वाटत होते. दोन मोठ्या बॅगा, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटे पाहता आम्ही वंदे भारतनेच मुंबई गाठली.

एक गोष्ट जी व्हिसाची नाही, पण सल्लागाराने सांगायला हवी होती: अमेरिकेत भाग १४१ खालील अभ्यासक्रमात १९० तासांत व्यावसायिक परवाना मिळू शकतो, तर डीजीसीए किमान २०० तास मागते आणि त्यांपैकी १०० तास मुख्य वैमानिक म्हणून हवे असतात. परवाना घेऊन परत आल्यावर हे तास कमी भरले तर ते येथे पुन्हा पैसे देऊन भरावे लागतात, किंवा मुदत वाढवून तिथेच. आम्ही शाळेकडून जाण्यापूर्वीच लेखी घेतले की तासांची आखणी डीजीसीएच्या अटींप्रमाणे होईल, आणि आय-२० वरील खर्चाच्या आकड्यात ते वाढीव तास धरून घेतले.

मुदतवाढीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. एम-१ वर एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचा मुक्काम मिळतो. त्याहून लांबणाऱ्या अभ्यासक्रमासाठी मुदत संपण्यापूर्वी तेथील स्थलांतर विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि वाढीव मुदत धरूनही मूळ सुरुवातीपासून तीन वर्षांची मर्यादा असते. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पावसाने उड्डाणे रद्द होतात, त्यामुळे आम्हाला हा अर्ज करावा लागणार हे जवळजवळ नक्की आहे. कार्यालयाने नोव्हेंबरमध्येच हे काम १५,००० रुपयांत करून देण्याची तयारी दाखवली. हा अर्ज विद्यार्थ्याने तिथे असताना, शाळेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याच्या शिफारशीने करायचा असतो आणि त्यासाठी ती शाळा वेगळे पैसे घेत नाही. म्हणून आम्ही नम्रपणे नको म्हटले.